हात मातीत, पाय तालात: दोन कला एका शरीरात नांदवायच्या कशा

नाच आणि सिरॅमिक्स दोन्ही करणाऱ्या माणसाला भेटेल तो एकच प्रश्न विचारतो: मग दोन्ही एकत्र करून काही करत नाही का? भांड्यांभोवती नाच, नाचता नाचता भांडी, असं काहीतरी? या प्रश्नाला बळी पडू नका, निदान पहिली काही वर्षं तरी. दोन कला एकत्र आणण्याआधी त्यांची भांडणं मिटवावी लागतात. आणि ती भांडणं वेळेची, सांध्यांची आणि खोलीतल्या फरशीची असतात. सौंदर्यशास्त्राचा नंबर फार नंतर लागतो.

मी कथक करते आणि चाकावर भांडी करते. नाच लहानपणापासूनचा, माती बरीच उशिरा आली. दोन्ही शिकवते, दोन्हींवर पोट भरते. बॅले किंवा समकालीन नृत्य करणाऱ्यांनी पुढे जिथे टाच आहे तिथे चवडा वाचावा. बाकी फारसं काही बदलत नाही.

कॅलेंडर मातीचं

दोघींपैकी हट्टी कोण, हे आधी ठरवून घ्या. माझं उत्तर स्पष्ट आहे: माती. रियाज सकाळचा संध्याकाळी करता येतो. चाकावरून उतरवलेला वाडगा मात्र तुमच्यासाठी थांबत नाही. तो दुसऱ्या दिवशी, हवा दमट असेल तर तिसऱ्या दिवशी, ट्रिमिंगला, म्हणजे बुडाची जादा माती कापून काढायला, येतो. नख दाबलं तर वळ उठतो, पण उचलला तर आकार हलत नाही, अशा त्या अवस्थेला स्टुडिओत लेदर हार्ड म्हणतात. ती काही तासांची गोष्ट आहे. ती निसटली की बूड कापताना माती भुसभुशीत तुटते आणि कान जोडला तर सांध्यावर चीर जाते.

पुढचं वेळापत्रकही असंच ताठ. पूर्ण वाळायला आठवडा, जाड भांड्याला त्याहून जास्त. मग पहिली भाजणी, म्हणजे बिस्क, साधारण ९५० ते १००० अंश सेल्सिअसला. मग ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप. मग दुसरी भाजणी, स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजायची टणक माती) असेल तर १२२० ते १२८० अंशांना. प्रत्येक भाजणीत भट्टी तापायला आठ ते बारा तास आणि निवायला तेवढेच किंवा जास्त. सुरुवातीचे शंभर अंश सावकाश चढवायचे, कारण मातीत उरलेल्या पाण्याची वाफ झाली तर भांडं फुटतं. (दोष नेहमी हवेच्या बुडबुड्याला दिला जातो. खरा गुन्हेगार ओलावा असतो.) ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्झच्या स्फटिकांची रचना बदलते आणि त्यांचं आकारमान एकदम वाढतं, उतरताना तसंच एकदम घटतं. म्हणून तिथे चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा घाई नको. भट्टीला कंट्रोलर असला तरी ती पेटलेली असताना मी कार्यक्रम घेत नाही. विंगेत उभं राहून मनात तापमान मोजणाऱ्या नर्तकीचा पहिला तुकडाच (नाचाची छोटी बंदिश) कच्चा जातो.

तेव्हा कार्यक्रमाची तारीख कळली की कॅलेंडरवर उलटं मोजत या. कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात चाक बंद. त्याच्या आधीच्या आठवड्यात जे काही घडवायचं ते घडवून टाका आणि वाळायला लावा. भांडी वाळत असतात त्या दिवसांत तालमी जोरात चालू द्या, मातीला तेव्हा तुमची गरज नसते. कार्यक्रम झाल्यावर बिस्क आणि ग्लेझिंग. ग्लेझिंग हे शांतपणे उभं राहून, बादलीत भांडं बुडवून करायचं काम आहे. थकलेल्या पोटऱ्यांना ते मानवतं. हाच क्रम उलटा लावलात, म्हणजे तालमीच्या आठवड्यात मोठे गोळे चाकावर आणि कार्यक्रमानंतर मोकळे हात, तर मनगट आणि कंबर एकाच वेळी संप करतात.

तरीही अचानक दौरा निघतोच. त्यासाठी एक डबा करून ठेवा. घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या, त्याच्या तळाशी प्लास्टर ऑफ पॅरिसचा तीनेक सेंटिमीटर जाड थर ओता. थर घट्ट झाला की त्याला पाणी प्यायला द्या, शोषणं थांबेपर्यंत. वर साचलेलं पाणी ओतून टाका, लेदर हार्ड भांडी आत ठेवा, झाकण लावा. भांडी आठवडेच्या आठवडे आहे त्या अवस्थेत राहतात. मधूनमधून प्लास्टरवर थोडं पाणी शिंपडायचं, एवढंच. नाचणाऱ्या कुंभारासाठी यापेक्षा उपयोगी वस्तू नाही. नवीन चाक नंतर घ्या, आधी हा डबा.

आणि निघताना उरलेली माती अर्धवट ओली सोडून जाऊ नका. एक तर प्लास्टिकमध्ये घट्ट बांधा, नाहीतर पातळ पसरून पूर्ण वाळू द्या. कडक वाळलेली माती पाण्यात टाकली की आपोआप विरघळून लगदा होतो. अर्धवट ओला गोळा पाणी आत शिरू देत नाही, तो महिनाभर तसाच गुळगुळीत बसून राहतो.

बसायचं कसं

नर्तकांना वाटतं, आपलं शरीर तयार आहे, चाक सोपं जाईल. अर्धं खरं आहे. चाकावर शरीर दोन-दोन तास एकाच बाजूला वाकून, मान पुढे काढून, एक पाय पेडलवर टांगून बसतं. नाचाच्या वर्गात असं कोणी पाच मिनिटं उभं राहिलं तर गुरू ओरडतील.

पेडलपासून सुरुवात करू. विजेच्या चाकावर पेडलवरचा पाय, बहुधा उजवा, घोट्यातून वर खेचलेला राहतो. नडगीच्या पुढचा स्नायू तासभर आखडलेला. त्यानंतर घुंगरू बांधून तत्कार, म्हणजे पायांनी बोल वाजवणं, केलं तर नडगी ठणकणारच, आणि आपण दोष तत्काराला देतो. उपाय स्वस्त आहे: पेडल दोन विटांमध्ये नीट बसवून स्थिर करा आणि दुसऱ्या पायाखाली तेवढ्याच उंचीची वीट द्या. दोन्ही गुडघे एका पातळीत आले की कंबर तिरकी होत नाही. बैठक अशी हवी की नितंब गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहतील. लाथेचं चाक मी नाचणाऱ्यांना सुचवत नाही. एकाच पायाने हजारदा ढकलणं नितंबाच्या सांध्याला महागात पडतं आणि ते गिरकीच्या तोलात दिसतं.

समोर आरसा ठेवा. भांड्याची कड कशी चढतेय ते पाहायला आपण मान वाकडी करून बाजूला झुकतो. आरशात ती सरळ बसून दिसते. नाचणाऱ्याला आरशात पाहून काम करायची सवय असतेच, तेवढा आपला फायदा. पाठ फारच कुरकुरत असेल तर चाक उंचावर चढवून उभ्याने काम करा. उभ्याने भांडी घडवणारे बरेच जण आहेत, आणि नर्तकांना ते लवकर जमतं, कारण तोल पायांतून सांभाळायची त्यांना सवय असते.

माती मळताना टेबलाची उंची बघा. सरळ उभं राहून हात सैल सोडले की बोटांची पेरं टेबलाला टेकली पाहिजेत. टेबल त्याहून उंच असेल तर सगळा जोर मनगट आणि अंगठ्याच्या बुंध्यातून जातो, वजनाचा उपयोगच होत नाही. एक पाय पुढे, एक मागे. मागच्या पायावरचं वजन पुढच्यावर आलं की माती दाबली जाते. हाताने दाबायचं नाही. अंगठ्याच्या बुंध्याशी दुखायला लागलं तर त्याच दिवशी थांबा. ते दुखणं मुरलं की हस्तमुद्रा तर जातातच, साधं बाटलीचं झाकण उघडत नाही.

चाकावर बसण्याआधी मनगटं ताणू नका, हलवा. मी पताक ते मुष्टी, मुष्टी ते अलपल्लव अशा हस्तमुद्रा विलंबित लयीत थोडा वेळ करते, मग मनगटाचे गोल, मग खांदे. उठल्यावर उलट दिशेचं काम: छाती उघडणं, मागे वाकणं. आणि बाजू लक्षात घ्या. माझी गिरकी डाव्या टाचेवर, डावीकडे. माझं चाकही घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतं, म्हणजे दोन्ही कामांत शरीर एकाच बाजूला बांधलं जातं. जपानच्या जुन्या परंपरेत चाक काट्याच्या दिशेने फिरवतात. नव्याने चाक शिकत असाल आणि गिरक्या आधीपासून एकाच बाजूने घेत असाल, तर दिशा निवडण्याआधी हा विचार करा. नंतर बदलणं जवळजवळ पुन्हा शिकण्याइतकं अवघड.

लय कुठे कामी येते आणि कुठे नडते

गोळा चाकाच्या मध्यावर आणणं, म्हणजे सेंटरिंग, नर्तकाला लवकर कळतं. कोपर मांडीत किंवा कंबरेशी रोवलं, श्वास सोडत वजन पुढे टाकलं की हात फक्त आकार धरून ठेवतात. हातांनी लढणारे आठवडे घालवतात. शरीरातून वजन टाकणाऱ्यांना थोड्याच दिवसांत सापडतं.

नडतं ते पुढे. कथकात आपण आयुष्यभर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, थांबायला शिकतो. तिहाई (तीनदा घेतलेला बोल), शेवटचा 'धा', आणि सगळं शरीर एका क्षणात थांबलेलं. ही सवय चाकावर घातक आहे. हात मातीवरून एकदम उचलले की गोळा तिथेच हेलकावतो, भिंत वाकडी होते. मातीवरून हात असे काढायचे की चाकाच्या एका पूर्ण फेऱ्यात दाब कमी कमी होत शून्य व्हावा. सम नाही, आघात नाही. माझ्या नाचातून आलेल्या विद्यार्थ्यांना हेच सगळ्यात उशिरा जमतं, आणि जे आधी माती शिकून मग नाचाला येतात त्यांचं नेमकं उलटं होतं: त्यांचे तुकडे समेवर येतात, पण विरघळत येतात. दोन्ही करायचं असेल तर दिवसाच्या एकाच बैठकीत दोन्ही करू नका. मध्ये जेवण असू द्या, झोप असू द्या, नुसतं चालणं असू द्या. हातांना आधीचा स्वभाव विसरायला तेवढा वेळ लागतो.

भिंत वर ओढताना मात्र ताल अतिशय उपयोगी. बोटं किती वेगाने वर न्यायची हा नवशिक्याचा कायमचा घोळ. चाक एक फेरा पूर्ण करतं तेवढ्यात बोटं स्वतःच्या जाडीपेक्षा जास्त वर सरकली तर मधला भाग न दाबता सुटतो आणि भिंतीवर मळसूत्राचे वळ उठतात. डोळ्यांनी हे सांभाळता येत नाही. मी तीनतालाच्या सोळा मात्रा विलंबितात मनात मोजत बुडापासून काठापर्यंत जाते. पहिल्या चार मात्रा बुडाशीच, कारण माती तिथे जास्त असते. खालीपर्यंत, म्हणजे नवव्या मात्रेपर्यंत, अर्धी उंची, सोळाव्या मात्रेनंतर काठ हलकेच दाबून सोडून देणं. चाकाचा वेग सेंटरिंगला जास्त, भिंतीला मध्यम, काठाला आणखी कमी. म्हणजे काम पुढे सरकतं तशी लय उतरत जाते. आपली मैफल याच्या अगदी उलट, विलंबितातून द्रुताकडे चढते. त्यामुळे सुरुवातीला हात शेवटी शेवटी वेग वाढवू पाहतात. त्यांना आवरा.

एका खोलीत दोन्ही नको

हा भाग टाळू नका, कारण इथे प्रश्न फुप्फुसांचा आहे. वाळलेल्या मातीच्या धुळीत मोकळा सिलिका असतो. त्याचे बारीक कण तासन्‌तास हवेत तरंगतात, आणि वर्षानुवर्षं श्वासातून गेले तर सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. कुंभार शांत बसून काम करतो. नाचणारा त्याच हवेत धापा टाकतो, कित्येक पट जास्त हवा आत ओढतो, आणि वर पाय आपटून जमिनीवरची धूळ उडवतो. म्हणून चाकाच्या खोलीत तत्कार नाही. पाच मिनिटांची उजळणीसुद्धा नाही.

मातीची खोली झाडूने झाडायची नाही. ओल्या फडक्याने पुसायची, ओल्या पोछ्याने काढायची. कोरडी भुकटी मिसळताना, विशेषतः ग्लेझ कालवताना, एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क. अंगावरचा एप्रन सुती नको, गुळगुळीत आणि पुसता येईल असा हवा, आणि तो त्या खोलीतच टांगायचा. ज्या ओढणीने हात पुसले तीच कमरेला खोचून तालमीला जाणारे लोक मी पाहिलेत.

फरशीचंही जमत नाही. मातीला धुता येईल अशी टणक जमीन हवी, पायाला खाली पोकळी असलेली लाकडी जमीन. काँक्रीटवर रोज तत्कार म्हणजे गुडघ्यांचं आयुष्य खर्ची घालणं. एकच खोली परवडत असेल तर ती मातीला द्या आणि नाचाची जागा तासावर घ्या. अर्धवट वाळलेली भांडी उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत, आपले पाय नेता येतात.

त्वचेबद्दल थोडक्यात: माती हातापायांतलं तेल ओढून घेते. काम संपलं की धुवा, लगेच तेल किंवा मलम लावा. टाचेला भेग असताना ना माती तुडवा ना घुंगरू बांधा.

पायाने मळणं

दोन्ही कला जिथे खरोखर एकमेकींना शिवतात ती जागा मला वाटतं इथे आहे. यंत्र येण्याआधी मोठ्या प्रमाणावर माती पायानेच मळली जायची, आणि अनेक ठिकाणी अजून जाते.

जाड कॅनव्हास अंथरा. त्यावर माती हाताच्या पंजाइतक्या उंचीचा गोल ढीग करून ठेवा, मऊ पण चिकटणार नाही इतपत ओली. कडेवर टाच रोवा, वजन टाका, पाय उचलून अर्ध्या टाचेएवढं पुढे सरका. असं कडेने फिरत फिरत आत या, प्रत्येक ठसा आधीच्या ठशावर अर्धा चढलेला. मध्यावर पोचलात की वरून पाहिलं तर पाकळ्यांचं मोठं फूल दिसतं. कॅनव्हासच्या कडा उचलून माती घडी घाला, पुन्हा तेच. तळपायाला खडा, मुळी, कोरडी गाठ लगेच कळते. हाताला कळण्याआधी कळते. मातीत एकजीवपणा आला हेही पायच सांगतात: टाच सगळीकडे सारख्याच खोलीपर्यंत जायला लागते.

गुडघे सैल ठेवा. टाचेने दाबायचं, आपटायचं नाही. आणि याला रियाज समजू नका. पोटरीला आणि तळव्याला चांगलं काम मिळतं, पण त्यानंतर लगेच द्रुत तत्कार केलं तर पाय जड पडतात. मी मळणं नाचाच्या सुट्टीच्या दिवशी ठेवते.

मंचावर ओली माती न्यायचीच असेल तर

सुरुवातीला नको म्हटलं, कायमचं नको नाही. ही कल्पना आपल्याआधी इतरांना सुचलेली आहे हेही माहीत असू द्या. १९५५ साली टोकियोत गुताई या जपानी कलाकारगटाच्या प्रदर्शनात चित्रकार काझुओ शिरागा चिखलाच्या ढिगात उतरून अंगाने झुंजले होते. २००६ मध्ये फ्रान्सच्या आव्हिन्यों नाट्यमहोत्सवात चित्रकार मिकेल बार्सेलो आणि नृत्यदिग्दर्शक जोसेफ नाज यांनी 'पासो दोब्ले' केलं: ओल्या मातीची भिंत आणि जमीन, आणि प्रेक्षकांसमोर दोघे ती ठोकत, खणत, शेवटी स्वतः तिच्यात मिसळत गेले. नेदरलँड्सच्या आलेक्झांड्रा एंगेलफ्रीट अख्ख्या शरीराने माती तुडवून शिल्पं करतात. 'मातीत नाचणं' एवढंच तुमच्याकडे असेल तर ते झालेलं आहे. पुढे काय, ते तुम्हाला ठरवावं लागेल.

माझा कल दुसऱ्या दोघांकडे आहे. शिल्पकार इसामु नोगुची यांनी १९३५ पासून पुढे कित्येक वर्षं अमेरिकन नृत्यदिग्दर्शक मार्था ग्रॅहमसाठी मंचाची रचना केली. त्यातल्या पहिल्या नृत्यात, 'फ्रंटियर'मध्ये, फक्त दोर आणि कुंपणाचा एक तुकडा होता. हेच नोगुची १९५२ मध्ये जपानमधल्या किता-कामाकुरात राहून मातीचं काम करत होते. मडकी घेऊन मंचावर गेले नाहीत. पॉलस बेरेन्सन न्यूयॉर्कमध्ये नाचायचे, मग मातीकडे वळले, आणि ओळखले गेले ते चिमटीने घडवलेल्या लहान भांड्यांसाठी. दोघांच्या बाबतीत एका कामाची शिस्त दुसऱ्यात उतरली, पण वस्तू उतरली नाही.

तरी करायचंच असेल, तर हिशेबापासून सुरुवात करा. ओल्या मातीचं वजन पाण्याच्या जवळपास दुप्पट. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद जागेवर तीन सेंटिमीटरचा थर म्हणजे सुमारे साडेतीनशे किलो. ती कोण उचलणार, जिन्याने जाणार का, मंचाखालच्या लाकडाला पेलेल का, हे नृत्यरचनेआधी विचारा. माती निवडताना ग्रॉग नसलेली घ्या. ग्रॉग म्हणजे भाजलेल्या मातीची भरड. भांड्याला ती आधार देते, पण उघड्या गुडघ्यावर सँडपेपरचं काम करते. ग्लेझची किंवा रंगाची कोणतीही पावडर त्यात नको. माती आदल्या दिवशी बोटांनी चाळून काढा, त्यात तारेचा तुकडा किंवा ट्रिमिंगचं पातं सापडणं ही अजिबात दुर्मीळ गोष्ट नाही. ओली माती अंगातली उष्णता भराभर ओढते, म्हणून कोमट पाण्याने भिजवा आणि विंगेत कोरडे टॉवेल ठेवा. मंचावरच्या दिव्यांखाली वरचा पापुद्रा वाळू लागला की पाय घसरण्याऐवजी चिकटायला लागतात. म्हणजे सुरुवातीच्या आणि शेवटच्या हालचालींना दोन वेगळ्या जमिनी मिळतात. ते गृहीत धरून रचना करा, गिरक्या शक्यतो कोरड्या कोपऱ्यात. तालीम एकदा तरी पूर्ण वेळ, खऱ्या दिव्यांखाली झालीच पाहिजे.

संपल्यावर पाय मोरीत धुऊ नका. माती पाइपात बसते आणि दगड होते. दोन-तीन बादल्यांत एकामागून एक धुवा, रात्रभर ठेवा, वरचं निवळलेलं पाणी ओता, तळाची माती परत वापरा.

नाचणारी आकृती घडवताना

नर्तकांना हे करावंसं वाटतंच, आणि इथे त्यांची बाजू वरचढ असते. एका पायावर उभ्या शरीरात गळ्याचा खळगा टेकलेल्या पायाच्या घोट्याच्या सरळ रेषेत वर येतो. ओळंबा धरून पाहा. शिल्पात ही रेषा चुकली तर बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण आकृती पडतेय असं वाटत राहतं.

मातीचा प्रश्न मात्र वेगळा: पातळ घोट्यावर सगळं वजन. ओली माती ते धरत नाही आणि भट्टीत मऊ झालेली तर मुळीच नाही. फ्रान्सच्या सेव्र इथल्या पोर्सेलिनच्या कारखान्यासाठी शिल्पकार आगातों लेओनार यांनी केलेला 'ज द लेशार्प' हा पंधरा नर्तकींचा संच १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात मांडला होता. त्यातले झगे बघा, ते पायापाशी जमिनीपर्यंत उतरतात. वजन वस्त्राने पेललेलं आहे. आपणही तेच करायचं: घेर, ओढणी, एखादा खांब. आकृती आतून पोकळ ठेवा, जाडी सगळीकडे सारखी, आठ-दहा मिलिमीटरच्या आत, आणि खाली एक भोक. उचललेल्या हाताला वाळताना टेकू द्यायचा तर तो लाकडाचा नको. माती वाळताना आकसते, लाकूड आकसत नाही, आणि हात खांद्याशी तुटतो. त्याच मातीचा टेकू करा, म्हणजे तोही सोबत लहान होईल. आकृती त्याच मातीच्या पातळ पाटीवर उभी करून भाजली तर पाय ओढले जात नाहीत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत माती बारा टक्क्यांच्या आसपास आकसते असं धरा. वीस सेंटिमीटरची नर्तकी हवी असेल तर घडवताना जवळपास तेवीसची घ्या.

पैसे, अर्ज, फोटो

भांड्याची किंमत ठरवताना फुटलेली भांडीही त्यात धरा, आणि कार्यक्रमाचं मानधन ठरवताना तालमीचे तास. दोन्ही ठिकाणी लोक फक्त दिसणारा भाग मोजतात, आपणही मोजायला लागलो की संपलं. दोन वह्या ठेवा, खर्च कधी मिसळू नका. नाहीतर कोणती कला कोणाला पोसतेय हे वर्षानुवर्षं कळत नाही.

निवासी कार्यशाळांना किंवा शिष्यवृत्तीला अर्ज करताना दोन परिचय तयार ठेवा. सिरॅमिक्सच्या परीक्षकांना नाचाबद्दल एक ओळ पुरे, नाचाच्या परीक्षकांना मातीबद्दल एक ओळ. दोन्ही अर्धे अर्धे लिहिलेत तर दोन्हीकडचे लोक तुम्हाला हौशी धरतात. अन्याय आहे, पण असंच चालतं. फोटोंनाही हाच नियम: भांड्याच्या फोटोत घुंगरू नको, नाचाच्या फोटोत मडकं नको. भांडं साध्या राखाडी पार्श्वभूमीवर, एका बाजूने प्रकाश देऊन, आणि एक फोटो बुडाचा काढा, कारण जाणकार आधी बूडच उलटून बघतात. नाचाचा व्हिडिओ न कापलेला, पाय दिसतील असा, घुंगरांचा आवाज खऱ्या खोलीत टिपलेला असावा.